गृहमांडणी व अडगळ-निवारण : नारायण पेठ, पुणे

घरातील प्रत्येक वस्तूस जागा नेमून देणे, वापरातून गेलेल्या वस्तू वेळोवेळी वेगळ्या काढणे आणि त्यांची योग्य विल्हेवाट लावणे, या तिन्ही गोष्टींचा गृहमांडणीत समावेश होतो. उपयोग संपल्यावरही जागा अडवून राहिलेल्या वस्तूंना ‘अडगळ’ म्हणतात. महाराष्ट्रीय मध्यमवर्गीय घरातील हा व्यवहार कसा बदलत गेला, हे पुण्याच्या नारायण पेठेच्या उदाहरणावरून समजून घेता येते. मुठा नदीच्या उजव्या तीरावरील या पेठेस पेशवे नारायणराव (१७५५–७३) यांचे नाव आहे. चौसोपी वाडे, वाड्यांतील भाड्याची बिऱ्हाडे आणि सदनिका अशा तीन अवस्थांतून येथील वस्ती गेली. १८९७ ची प्लेगची साथ व १९६१ चा पूर या दोन आपत्तींनी येथील घरातील चीजवस्तू बळाने बाहेर काढली. त्यामुळे अडगळीचा प्रश्न येथे केवळ टापटिपीचा न राहता आरोग्याचा व स्मृतीचाही झाला.

वाड्यातील व्यवस्था : जुन्या वाड्यात सुटे लाकूडसामान फारच थोडे असे. साठवणुकीची सोय मुख्यतः बांधकामातच केलेली असे. जाड भिंतींत कोनाडे, दिवळ्या व दारे असलेली फडताळे ठेवीत. खुंट्यांवर पागोटी व अंगरखे टांगीत. धान्यासाठी बळद, तर क्वचित लागणाऱ्या जिनसांसाठी पोटमाळा असे. स्वयंपाकघरात एकावर एक रचलेल्या भांड्यांची उतरंड असे आणि दूधदुभते शिंक्यावर ठेवीत. सोवळ्याची वस्त्रे आढ्यालगतच्या वळणीवर काठीने वाळत घालीत. दिवसा अंथरुणाची वळकटी होई, जेवणानंतर पाट भिंतीशी उभे राहत. त्यामुळे एकच माजघर जेवण, बैठक व निद्रा या तिन्ही कामी येई.

या व्यवस्थेचे एक कारण जमिनीत होते. मातीची जमीन वरचेवर शेणाने सारवावी लागे आणि सारवण्यासाठी ती मोकळी करणे भागच असे. वस्तू टांगण्याची, रचण्याची वा भिंतीत ठेवण्याची सवय त्यातून दृढ झाली. पुढे शहाबादी फरशी आली, सारवण थांबले व पलंग, कपाटे, ट्रंका एकाच जागी कायम राहू लागल्या. फरशीने गृहिणीचे कष्ट वाचविले. परंतु सारे घर नियमाने उचलून पाहण्याचा प्रसंगही त्याबरोबर गेला.

वर्षातील सणांनीही ही शिस्त राखली. दिवाळीपूर्वी माळे झाडून, भिंतींना चुना लावून, भांडी घासून लखलखीत करीत. लक्ष्मीपूजनास नव्या केरसुणीची पूजा करतात. त्या रात्री सुपे वाजवून अलक्ष्मीस घराबाहेर घालविण्याचा विधी धर्मशास्त्रीय निबंधग्रंथांत सांगितलेला आहे. उन्हाळ्यात धान्य, कपडे व गाद्यांना ऊन देत. कडुनिंबाचा पाला व वेखंड यांचा उपयोग कसर व किडीपासून रक्षण करण्याकडे होई. या उपायांना खर्च जवळजवळ नसे.

वस्तूंचे उत्तरायुष्य : वस्तू जुनी झाली म्हणजे ती लगेच टाकीत नसत. लुगड्याची गोधडी वा तान्ह्या मुलाची दुपटी होत, त्यांच्या चिंध्यांचे पोतेरे होई. तांब्यापितळेची फुटकी भांडी मोडीत घालून तांबटाकडून नवी घेत. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी बोहारीण दारावर येई. वर्तमानपत्रांची रद्दी वाण्याच्या पुड्यांना जाई. घासलेटाचे चौकोनी डबे धुऊन त्यांत धान्य, पापड, कुरडया भरीत. काटकसर आणि अडगळ-निवारण ही येथे परस्परविरोधी नव्हती. वस्तू पुढे कोणाकडे जाणार हे ठाऊक असल्याने ती घरात साचत नसे. ही साखळी जेथे तुटली तेथे अडगळ वाढली, असे सामान्यतः म्हणता येईल.

प्लेग व घरझडती : १८९७ च्या प्रारंभी पुण्यात प्लेगचा प्रादुर्भाव झाला. वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखालील समितीने मार्चपासून सैनिकांकरवी घरोघर तपासणी सुरू केली. माजघर व देवघरापर्यंत पथके शिरत. सामान रस्त्यावर काढणे, कपडे व अंथरुणे जाळणे, जमीन उकरणे, भिंतींना चुना फासणे असे प्रकार होत. या जुलमाविरुद्धचा क्षोभ २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर केलेल्या हल्ल्यात प्रकट झाला. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे मत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये मांडले व नंतरच्या संशोधनाने ते सिद्ध झाले. उंदरांना आसरा देणारे अंधारे कोपरे व साठलेले सामान हे खरोखरच धोक्याचे होते. तथापि सक्तीने केलेल्या सफाईने घरातील माणसांचा विश्वास गमावला, हाही या घटनेचा तितकाच महत्त्वाचा धडा होय.

शिक्षण : पेठेतील हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ मध्ये निघाली. मुलींना गृहकृत्यांचे शिक्षण किती द्यावे, यावर त्या काळी पुण्यातील वृत्तपत्रांतून वाद झाले. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात गृहशास्त्र व आरोग्य यांना अभ्यासक्रमात स्थान मिळाले. घर आवरणे हा अभ्यासाचा विषय झाला. मात्र त्याचा भार स्त्रीवरच राहिला.

बिऱ्हाडे, पूर व सदनिका : विसाव्या शतकात वाड्यांचे भाग पाडून दोन-तीन खोल्यांची बिऱ्हाडे केली गेली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि अनेक वाड्यांची डागडुजी थांबली. अपुऱ्या जागेत पलंगाखालच्या ट्रंका व पोटमाळा हीच कोठीची खोली ठरली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पाण्याचा लोंढा नदीकाठच्या पेठांत शिरला. कित्येक वाडे कोसळले. भांडीकुंडी व कपड्यांबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे कागदही चिखलात गेले. पुढील दशकांत जुन्या वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. जागा आटली, वस्तू मात्र स्टेनलेस स्टील व प्लॅस्टिकच्या स्वस्ताईमुळे वाढल्या.

अडगळीतील इतिहास : टाकाऊ म्हणून माळ्यावर पडलेल्या रुमालांत मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल साधने सापडली आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांनी गावोगाव हिंडून अशी दप्तरे मिळविली व १८९८ पासून ती प्रसिद्ध केली. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हे कार्य पुढे चालविले. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, स्वयंपाकाची भांडी अशा दैनंदिन वापरातून गेलेल्या वस्तू जमवून पुण्यात राजा केळकर संग्रहालय उभारले. तेथील वस्तूंची संख्या वीस हजारांहून अधिक आहे.

आधुनिक पद्धती : या अनुभवातून अल्पखर्ची गृहमांडणीची काही तत्त्वे निष्पन्न होतात. नित्य लागणाऱ्या वस्तू हाताच्या उंचीवर, हंगामी वस्तू माळ्यावर ठेवाव्यात. जमीन शक्यतो मोकळी असावी. नवे फडताळ घेण्यापूर्वी जुने रिकामे करून पाहावे. डब्यांवर व गाठोड्यांवर नावे लिहावीत. एका दिवसात सारे घर न काढता एकेक कप्पा आवरणे अधिक सोयीचे ठरते. काढलेल्या वस्तूंचे वापरण्याजोग्या, मोडीत वा भंगारात घालण्याजोग्या आणि जतन करण्याजोग्या असे तीन वर्ग करावेत. दुसऱ्या वर्गाच्या बाबतीत पुण्यातील कचरावेचकांचे कार्य उल्लेखनीय आहे. त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. तिसऱ्या वर्गात मोडी कागद, जुनी छायाचित्रे व हस्तलिखिते येतात. ती रद्दीत घालण्यापूर्वी जाणकारास दाखविणे आवश्यक असते. कारण भांडे पुन्हा घेता येते, परंतु एकमेव असलेला कागद एकदा गेला म्हणजे कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.