ओहोळाला विचारून उतरावं

इगतपुरीत जुलै उजाडला की माणसं घड्याळाकडे कमी आणि ओहोळाकडे जास्त बघतात. आमचं लहानपण तसंच गेलं. अब्बा रेल्वेत होते. क्वार्टरमागच्या ओहोळाचा आवाज चढला की अम्मी चुलीपुढूनच सांगायची, "आज पुलावरून जा रे." तिनं पाणी पाहिलेलं नसे, नुसतं ऐकलेलं असे.

हे आठवायला कारण घडलं. गेल्या पावसाळ्यात गाडीच्या टपावर रंगीत होड्या बांधून आलेली चार तरुण मुलं मला रस्त्यात भेटली. डोक्यावर हेल्मेट, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. "काका, या ओहोळात होडी जाईल का?" त्यांनी विचारलं. मला एकदम उत्तर देता आलं नाही.

ती होडी, म्हणजे कयाक, मुळात खेळायची वस्तू नव्हे. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांनी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती शिकारीसाठी बनवली. आपल्याकडेही भोपळ्यांची सांगड होती, केळीच्या खांबांचा तराफा होता. पण तो पैलतीर गाठण्यापुरता. पुराच्या पाण्याशी मौज म्हणून झुंजावं, हे युरोपात ठरलं. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत प्रथम झाली, तीसुद्धा नदीत नव्हे. ऑग्सबर्ग शहरात लेख नदीवरच्या जलकेंद्राला बर्फाचा त्रास होऊ नये म्हणून काढलेला एक चिंचोळा कालवा होता, त्यात ती झाली. पूर्व जर्मनीनं तसाच कालवा आपल्याकडे बांधून सराव केला आणि चारही सुवर्णपदकं नेली. नंतर हा खेळ ऑलिम्पिकमधून गेला, तो 1992 साली बार्सिलोनाला परतला.

म्हणजे ज्याला आपण रानटी पाणी म्हणतो, ते पुष्कळदा माणसानंच सोडलेलं असतं. आपल्या कुंडलिकेचंच पाहा. कोलाडला भर उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं. मे महिन्यात कोकणातल्या नदीला एवढं पाणी कुठून येतं? ते येतं मुळशीहून. टाटांच्या मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज देतं आणि पुढे कुंडलिकेत सोडलं जातं. सकाळी पाणी सुटलं की होड्या सुटतात. पाणी ओसरलं की खेळ संपला.

याच मुळशीसाठी 1921 ते 1924 या काळात मावळचे शेतकरी आपल्या जमिनी वाचवायला उभे राहिले होते. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते त्या सत्याग्रहात. सत्याग्रह हरला, गावं बुडाली, मुंबईला वीज मिळाली. आज त्या पाण्यावर किलकारी मारत जाणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. त्यांचा आनंद खोटा नाही, पण त्याच्या तळाशी कुणाची तरी भातखाचरं आहेत.

आमच्याकडेही तेच. त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेला निघते आणि वैतरणा पश्चिमेला. एकाच पाठीवरून दोन समुद्रांकडे वाटा. 1916 साली दारणेवर धरण झालं, ते पाणी गोदावरीच्या कालव्यांतून खालच्या शेतांना गेलं. 1973 साली ऊर्ध्व वैतरणा झालं, ते वीजघरातून मोडकसागराला आणि तिथून मुंबईच्या नळांना गेलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर मात्र एप्रिल-मेमध्ये बाया टँकरची वाट बघतात.

पण त्या मुलांना उत्तर देताना मी अडखळलो, ते या इतिहासामुळे नव्हे. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना आम्ही ट्रकची ट्यूब घेऊन ओहोळात उतरलो होतो. खाली एक लहानसा बंधारा होता, पुरुषभर उंचीचाही नाही. माझा दोस्त त्यावरून घसरला आणि पायथ्याशी अडकला. वर यायचा, पाणी त्याला पुन्हा भिंतीकडे ओढायचं. मी उडी मारणार, तोच खाचरात आवणी करणारा एक ठाकर इरलं टाकून धावत आला. मला मागं ढकललं आणि गुरांचा दोर फेकला. दोस्त वाचला. दोर गुंडाळताना तो माणूस म्हणाला, "पोरा, पानी उडी मारतं तिथं भिऊ नको. पानी मागं फिरतं तिथं भी."

पुढे कित्येक वर्षांनी या खेळातल्या जाणत्यांशी बोललो. तेही हेच सांगतात. मोठ्या धबधब्यापेक्षा बुटका, सरळ बंधारा जास्त घातकी. त्याच्या पायथ्याचं पाणी गोल फिरत राहतं आणि माणसाला सोडत नाही. अरुंद ओहोळात आडवं पडलेलं झाड चाळणीसारखं असतं, पाणी जातं, माणूस राहतो. वळणापलीकडचं दिसत नाही, म्हणून आधी काठाकाठानं चालून यायचं. आणि वर डोंगरात सर कोसळली तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो.

हे सगळं त्या ठाकराला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. त्याचं नाव मी विचारलं नाही. तेवढं भान तेव्हा नव्हतं, आणि आता ते खुपतं.

म्हणून मी त्या मुलांना म्हणालो, "होडी जाईल की नाही ते मला विचारू नका. त्या खाचरात आवणी चाललीय ना, तिथं जा. आधी ओहोळाचं नाव विचारा, मग पाण्याचं विचारा, आणि सांगणाऱ्याचंही नाव विचारून घ्या."

मुलं गेली. बऱ्याच वेळानं परत आली, तेव्हा होड्या टपावर तशाच होत्या. "आजी म्हणाल्या, आज नको," त्यातला एक जण म्हणाला. मग जरा थांबून पुढे म्हणाला, "चहा दिला त्यांनी. उद्या काठानं चालत वरपर्यंत नेणार आहेत."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)