खंड की कर? शेतसाऱ्याच्या एका शब्दाचा इतिहास

कुळाने जमीनमालकाला द्यायचा तो खंड, प्रजेने सरकारला द्यायचा तो कर. हा भेद दख्खनच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. पेशवाईतला मिरासदार पिढीजात हक्काने जमीन कसे, ती विकूही शके. उपऱ्याला तो हक्क नव्हता.

१८१८ मध्ये कंपनीचा अंमल आला आणि हा भेद पुसट होऊ लागला. त्याला आधार मिळाला तो नव्या अर्थशास्त्राचा.

रिकार्डोचा ग्रंथ १८१७ चा. मशागतीचा खर्च आणि भांडवलावरचा रास्त नफा वजा जाता सुपीक जमिनीतून जे उरते, तो त्याच्या मते खंड. मालकाला तो श्रमावाचून मिळतो. लंडनमध्ये कंपनीचा महसुली पत्रव्यवहार पाहणाऱ्या जेम्स मिलने पुढची पायरी गाठली: हिंदुस्थानात जमिनीचे मालक सरकारच, तेव्हा हा खंड सरकारने घेतल्यास उद्योगाला झळ पोहोचत नाही. मिरासदाराला अर्थातच कोणी विचारले नाही.

हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसकडे शिकलेल्या आर. के. प्रिंगलने १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यात हे गणित शेतावर उतरवले. निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरला. पुस्तकातले निव्वळ उत्पन्न स्वच्छ असते. इंदापूरच्या शिवारात ते मोजायचे कोणी? अंदाज चुकले, त्यातच धान्याचे भाव कोसळले, आणि शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने पाहणी करून दर उतरवले व ते ३० वर्षांसाठी बांधून दिले. रिकार्डो बाजूला पडला, सरकारी मालकीचा दावा मात्र राहिला. सारा सर्व्हे नंबरावर बसला. मिरासदार आणि उपरी एका रांगेत आले.

या शब्दाचे खरे मोल पुढे ताळेबंदात कळले. जमीनमहसूल ही सरकारची सर्वांत मोठी मिळकत. तिला खंड म्हटले की ती करांच्या बेरजेतून वगळता येई आणि हिंदी रयतेवरचा करभार हलका दिसे. सर जॉन स्ट्रेची यांनी नेमका हाच युक्तिवाद केला. बाकी थकली की मात्र वसुलीला जमीनमालक येत नसे, सरकारच येई. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानुसार थकबाकीसाठी जमीन सरकारजमा होऊ शके. त्या कायद्याने जमीनधारकाला मालक न म्हणता जे नाव दिले, त्याचा मराठी पर्याय आजही सातबाऱ्यावर छापलेला असतो: भोगवटादार.