कूपरेज मैदान (मुंबई)

दक्षिण मुंबईत ओव्हल मैदानाच्या दक्षिणेला, महर्षी कर्वे मार्गालगत असलेले फुटबॉलचे जुने मैदान. ब्रिटिश अमदानीत या परिसरात लाकडी पिंपे बांधण्याचा कारखाना होता. अशा कारखान्याला इंग्रजीत ‘कूपरेज’ म्हणतात आणि कारखाना नामशेष झाल्यावरही ते नाव जागेला, पुढे मैदानाला व शेजारच्या बँडस्टँडच्या बागेलाही चिकटून राहिले.

या मैदानाचा लौकिक मुख्यतः रोव्हर्स चषकावर उभा होता. मुंबईतील इंग्रज फुटबॉलप्रेमींनी सुरू केलेली ही स्पर्धा १८९१ मध्ये प्रथम झाली व ती वुस्टरशर रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीने जिंकली. आरंभीची अनेक दशके चषक गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. १९११ मध्ये स्पर्धेची समिती व बाँबे फुटबॉल असोसिएशन एकत्र येऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि कालांतराने कूपरेज हेच तिचे ठाणे बनले. १९२३ मध्ये कोलकात्याचा मोहन बागान संघ अंतिम सामन्यात पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून १–४ असा हरला. चषक जिंकणारा पहिला भारतीय नागरी संघ म्हणून मान मिळाला तो १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सला. स्वातंत्र्यानंतर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघांचेही प्रशिक्षक होते, त्यामुळे त्या काळी रोव्हर्सचे सामने पाहणाऱ्या मुंबईकराला भारतीय फुटबॉलचा सर्वोत्तम काळ घरबसल्या पाहायला मिळाला असे म्हणण्यास हरकत नाही.

स्थानिक फुटबॉलचा कणा मात्र कचेऱ्या, गिरण्या व कंपन्यांचे संघ हा होता. खेळाडूला नोकरी देऊन त्याच्याकडून संस्थेसाठी खेळून घेण्याच्या या पद्धतीतून टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया असे संघ उभे राहिले. १९५८ चा रोव्हर्स चषक तर कॅल्टेक्स या तेलकंपनीच्या संघाने मुंबईतच ठेवला. ही नोकरीची वाट आटत गेली, १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाल्यावर जुन्या चषकस्पर्धांचे महत्त्वही ओसरले आणि २०००–०१ च्या हंगामानंतर रोव्हर्स चषक भरला नाही. २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २०१० मध्ये विसर्जित झाला.

मैदान नाहीसे झालेले नाही. नैसर्गिक हिरवळीच्या जागी कृत्रिम हिरवळ येऊन तेथे स्थानिक सामने होतात. परंतु २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे काही सामने नवी मुंबईत झाले आणि मुंबई सिटी एफसी हा २०१४ मध्ये स्थापन झालेला संघ आपले घरचे सामने अंधेरीत खेळू लागला.