प्रश्न घेऊन आलेल्या वाचकासाठी

हा लेख ख्रिस्ती शिकवणुकीचा मराठीतून नव्याने विचार करू पाहणाऱ्या वाचकासाठी आहे. तुम्ही मंडळीत वाढला असाल, दर रविवारी मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, तोंडपाठ म्हणत आला असाल आणि अलीकडे त्यातल्या एखाद्या वाक्यापाशी अडखळत असाल. किंवा मंडळीशी काही संबंध नसताना येशूविषयी ओढ वाटत असेल. दोघांनीही निःसंकोच यावे. एक मात्र आधीच सांगतो. या विषयातले मराठी माणसांचे मोलाचे चिंतन धर्मशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत फारसे सापडणार नाही. ते पत्रांत आहे, अभंगांत आहे, आत्मचरित्रांत आहे. चर्चच्या शिकवणुकीविषयीचे प्रश्न आपल्या माणसांना अभ्यासिकेत पडले नाहीत. ताटावर बसताना, नोकरी सोडताना, शेजाऱ्याच्या मयताला जाताना पडले.

सुरुवात पंडिता रमाबाईंपासून करावी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेले होते, पती वारले होते, संस्कृत विद्वत्तेमुळे कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवले होते. अशी बाई परक्या देशात धर्मभगिनींच्या एका मठात आश्रयाला होती, आणि तरीही तिथल्या शिकवणुकीतली प्रत्येक गोष्ट पारखून घेत होती. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मराठी ख्रिस्ती विचाराचा तो पायाभूत ग्रंथ आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्या पत्रांत त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद आहे, अथनेशियन मतांगीकारावर आहे, चमत्कारांवर आहे. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो पुडिंगचा वाद. अंडे घातलेले पुडिंग रमाबाई खात नसत. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसला. ख्रिस्ती झाल्यावर हा अभिमान गळून पडायला हवा होता, असे त्यांना वाटे. रमाबाईंनी तो आरोप झटकून टाकला नाही. जुने संस्कार आपल्यात उरले असतील हे मान्य केले, आणि तरीही आपल्या ताटात काय असावे हे ठरवण्याचा अधिकार सोडला नाही. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या बाबतीतही तेच घडले. हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले की हे शोभणार नाही. भर सभेत स्त्री-पुरुषांसमोर व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना ते सहन झाले नाही. ख्रिस्ताची आज्ञा कोणती आणि इंग्लिश समाजाची रीत कोणती, हे निवडून बाजूला काढणे हेच त्यांचे धर्मचिंतन होते. सूप हातात घेऊन धान्य पाखडावे तितक्या निगुतीने त्यांनी ते केले.

इकडे पुण्यात रमाबाईंच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली असताना जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. हेही या विषयाच्या इतिहासात धरले पाहिजे, कारण हा वाद कधीच फक्त ख्रिस्ती लोकांच्या घरातला राहिला नाही.

रमाबाई पुढे बदलल्या. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी आत्मिक जागृती झाली. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, पापांची कबुली देत. चमत्कारांवर शंका घेणाऱ्या तरुण रमाबाई ज्यांना आवडतात, त्यांना या रमाबाई अवघड वाटतात, आणि अनेक अभ्यासक हे पर्व घाईने उरकतात. तसे करू नये. पुनर्विचार म्हणजे श्रद्धा कमी कमी करत जाणे, असा समज त्यामागे आहे. रमाबाईंच्या बाबतीत पुनर्विचाराने श्रद्धा अधिक उत्कट केली, आणि त्याच बाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून अखंड बायबलचे मराठी भाषांतर १९२२ मध्ये, मृत्यूच्या तोंडावर, पुरे केले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट निराळी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. अभंग, भजन, कीर्तन यांतून त्यांनी मराठी उपासनेला स्वतःचा गळा मिळवून दिला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे सर्वांत धाडसी पाऊल मात्र शेवटचे. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य या दरबारात एकत्र यावेत ही त्यांची कल्पना. चर्चचा उंबरठा ज्या संस्काराने आखला जातो, त्या संस्काराबाहेरच्या माणसालाही ख्रिस्ताचा शिष्य म्हणायचे! १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबाराला रुजायला वेळ मिळाला नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र अजून उत्तराची वाट पाहतो आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर तो प्रश्न लहानपणी शेजारच्या काकूंमुळे पडला. त्या तुळशीला पाणी घालत, एकादशी करत, आणि माझी आई आजारी असताना महिनाभर आमच्या घरी डबा पोहोचवत. बाप्तिस्मा न घेतलेले नरकात जातात असे शाब्बाथ शाळेत ऐकले, तेव्हा मी तिथे काही बोललो नाही, पण ते मान्यही केले नाही. पुढे वाचन वाढले तसे कळले की तारणाचे हे दार चर्चने कधीच एकमताने बंद केलेले नव्हते. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीला चर्च संत मानते. शेवटी सगळी सृष्टी देवाकडे परतेल अशी त्याची आशा होती. कॅथलिक ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही त्यांनाही तारण मिळू शकते, असे अधिकृतपणे म्हटले.

वधस्तंभाबाबतही तसेच. येशूने आपल्या पापांची शिक्षा भोगून देवाचा कोप शांत केला, हे स्पष्टीकरण आमच्या प्रवचनांत इतके मुरले आहे की तेवढेच शुभवर्तमान आहे असे वाटते. आरंभीच्या शतकांत ख्रिस्ताचे मरण हा मृत्यूवर आणि सैतानावर मिळवलेला विजय मानला जाई. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्म या धर्मचिंतकाने सरंजामी समाजातल्या मानमर्यादेच्या भाषेत नवी मांडणी केली: देवाच्या अवमानाची भरपाई. शिक्षेची भाषा ठळक झाली ती आणखी काही शतकांनी, धर्मसुधारणेच्या काळात. नायसीन मतांगीकार एवढेच म्हणतो की हे आपल्यासाठी, आपल्या तारणासाठी झाले. कसे, ते सांगत नाही. हे वाचले तेव्हा माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले, आणि शुभ शुक्रवारची उपासना मला प्रथमच मोकळ्या मनाने करता आली.

आता एक अडचणीची गोष्ट. रमाबाई, टिळक आणि त्यांच्याही आधी षड्दर्शनांचा ऊहापोह करणारे नीळकंठशास्त्री गोरे हे सारे ब्राह्मण कुळांतले. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मंडळ्या मात्र मोठ्या प्रमाणावर महार-मांग कुटुंबांनी उभ्या केल्या. भारतीय ख्रिस्ती ईशज्ञान ब्राह्मणी परंपरेशीच बोलत बसले आणि आपल्याच बहुसंख्य माणसांचे दुःख त्याने विचारात घेतले नाही, हे अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधल्या व्याख्यानात स्पष्ट मांडले. तिथून दलित ईशज्ञानाची वाट निघाली. निर्मळ मतांगीकार शोधतात तो बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात: पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवून शेतकरी आपल्या भटक्या पूर्वजाची, गुलामगिरीची आणि सुटकेची हकिगत सांगतो. तिथे श्रद्धा म्हणजे आपण कोण होतो हे देवासमोर उघड सांगणे. आणि हे सांगणाऱ्याला, तू मुळातच पापी आहेस, हे वाक्य कसे ऐकू येते? पिढ्यान्‌पिढ्या ज्याला अपवित्र म्हटले गेले, त्याच्यापुढे मूळपापाचा सिद्धान्त मांडताना आमच्या पाळकांनी आणि धर्मगुरूंनी कितीदा थांबून विचार केला? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळलेला आहे. चर्चमध्येही जात सुटत नाही. या माणसाच्या अनुभवावाचून केलेला पुनर्विचार मला अपुरा वाटतो, आणि तो माझाही बराच काळ तसाच होता.

वाचण्याचा क्रम म्हणाल तर आधी रमाबाईंची पत्रे घ्या, मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नवऱ्याच्या धर्मांतराने होरपळलेली बाई हळूहळू स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे कशी गेली, हे त्यांत आहे. त्यानंतर निर्मळ. जिथे पटणार नाही तिथे समासात आपली हरकत लिहा, आणि ती आपल्या मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला वाचून दाखवा. भजनी मंडळात आयुष्य घालवलेल्या या बायकांनी नरकाविषयी, क्षमेविषयी, वधस्तंभाविषयी मनाशी काय ठरवले आहे, ते त्यांना सहसा कोणी विचारलेले नसते. त्या काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. पुढच्या अभ्यासकाला त्याची गरज लागणार आहे.