बर्फीची फणी

परवा माळा आवरायला काढला. जुनी भांडी, बाबांच्या डायऱ्या, गणपतीच्या मखराचा थर्माकोल असा सगळा ऐवज उपसता उपसता हाती लागली एक लाकडी फणी. दोन दात तुटलेले आणि उरलेल्या दातांत अडकलेले पांढरे केस. आमच्या बर्फीचे! बर्फीला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिचे केस काही अजून घर सोडायला तयार नाहीत.

मंडळी, लांब केसांचं कुत्रं ज्यांनी पाळलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. बाकीच्यांसाठी जरा इतिहास सांगावा लागेल. आमच्या घरचाही आणि त्या केसांचाही.

१९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातला पांढराशुभ्र टफी घराघरांत पोचला. पुढच्याच वर्षी बाबांच्या एका मित्राकडे पिल्लं झाली, त्यातलं एक आमच्याकडे आलं. आमच्या गल्लीत तोवर तीन टफी झाले होते, म्हणून आमची झाली बर्फी. आम्ही तिला पॉमेरियन म्हणायचो. तेव्हा सगळेच अशा कुत्र्यांना पॉमेरियन म्हणायचे. खरं तर आपल्याकडची ही कुत्री म्हणजे इंडियन स्पिट्झ, पॉमेरियनचे अंगापिंडाने थोडे थोराड असे चुलतभाऊ. टफीही त्यातलाच. पण हे ज्ञान फार नंतरचं. तेव्हा एवढंच कळलं होतं की घरात एक कापसाचा गोळा आलाय.

कापूस पिंजायला लागला तेव्हा खरी गंमत सुरू झाली. केस सोफ्यावर, केस उशीवर, केस बाबांच्या ऑफिसच्या काळ्या पँटीवर. एकदा आमटीत सापडला तेव्हा आजीने ताट सरकवलं आणि तीन दिवस स्वतःचा स्वयंपाक स्वतः केला. तिचं सोवळं दोरीवर वाळत असे, ते पुढे काठीने पार आढ्याजवळच्या दांडीवर गेलं. पावसाळ्यात तर विचारू नका. बर्फी भिजली की वरून पुसलेली दिसायची, पण आतले केस दोन-दोन तास ओले. मग तो कुबट वास. कानामागे आणि पुढच्या पायांच्या बगलेत केसांच्या जटा व्हायच्या, त्यात गोचीड लपून बसायची. कुत्र्यांचे ब्रश तेव्हा आमच्या आसपास कुठे मिळत नव्हते. आईने आजीची एक जुनी लाकडी फणी घेतली आणि रोज दुपारी चार वाजता, चहाच्या आधी, बर्फीला घेऊन गॅलरीत बसायचं असा नेम केला. केस बाजूला करून मुळापासून विंचरायचं. अर्धा तास. रोज.

आता त्या केसांचा इतिहास.

पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा पट्टा, आज थोडा जर्मनीत आणि बराचसा पोलंडमध्ये. नावाचा मूळ अर्थच समुद्रालगतचा प्रदेश. स्पिट्झ म्हणजे जर्मन भाषेत टोकदार, ही नाका-कानांवरून पडलेली ओळख. या कुळाचे पूर्वज उत्तरेच्या बर्फाळ मुलखातले, स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या नात्यातले मानतात. अंगावर केसांचे दोन थर. आत आखूड, दाट, लोकरीसारखा. बाहेर लांब, राठ.

१७६१ साली जर्मनीतून लग्न होऊन इंग्लंडला गेलेल्या राणी शार्लटने १७६७ मध्ये या जातीची दोन कुत्री तिकडे आणवली. ती आजच्या पॉमेरियनच्या कितीतरी पट मोठी होती. गेन्सबरो या चित्रकाराने १७७७ च्या सुमारास रंगवलेलं पॉमेरियन आई आणि पिल्लाचं एक चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातली आई बघितली की मांडीवर घ्यायचं कुत्रं हे नव्हेच, हे लक्षात येतं.

मग आली व्हिक्टोरिया, शार्लटची नात. १८७७ पासून ही आपली सम्राज्ञी म्हणवून घेत होती. १८८८ साली ती इटलीत फ्लॉरेन्सला गेली आणि तिथून एक लहान चणीचा पॉमेरियन घेऊन आली. नाव मार्को, वजन साधारण साडेपाच किलो. १८९१ मध्ये तिने आपली सहा पॉमेरियन कुत्री लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात ठेवली. राणीला लहान आवडतं म्हटल्यावर सगळ्यांनाच लहान हवं झालं. पैदास करणाऱ्यांनी कुत्रं लहान लहान करत आणलं. आज अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे पॉमेरियन जेमतेम दीड ते सव्वातीन किलोचा असतो. गंमत अशी की कुत्रं आटलं, पण केस आटले नाहीत. केसच तर हवे होते! जानेवारी १९०१ मध्ये राणी गेली तेव्हा तुरी नावाचा तिचा लाडका पॉमेरियन तिच्या बिछान्यावर होता.

हे सगळं वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न यायचा. याला विंचरायचं कोण? राणी तर नक्कीच नव्हे. विंडसरला कुत्र्यांसाठी वेगळी इमारत होती, नोकर होते. केस राणीच्या कौतुकाचे आणि फणी दुसऱ्याच्या हातात. आमच्याकडेही तेच. "काय गोड आहे हो!" हे ऐकायला आम्ही सगळे पुढे आणि फणी आईच्या हातात.

१९९७ च्या मार्चमध्ये ताईचं बाळंतपण आलं. तिला प्रवास चालणार नव्हता, म्हणून आईच दोन महिन्यांसाठी इंदूरला गेली. जाताना फणी माझ्या हातात देऊन म्हणाली, "रोज विंचर रे तिला. एक दिवस चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ लागतो." मी कॉलेजात होतो. पहिला आठवडा विंचरलं. मग एक दिवस चुकलं, मग चार, मग परीक्षा आली. एप्रिलच्या मध्यावर बर्फीच्या पोटाखाली आणि मांड्यांवर नमद्यासारख्या जटा झाल्या होत्या. फणी लावली की कळवळायची. उन्हाने धापा टाकत मोरीत जाऊन पडायची.

मी ठरवलं, हे सगळे केस काढून टाकू. आजीला सांगितलं, बाबांना सांगितलं, "बिचारीला किती उकडत असेल, एवढं लोकरीचं ओझं!" सगळ्यांना पटलं. मित्राकडून केस कापायचं मशीन आणलं आणि दोन तासांत बर्फीचं पार उघडं कोकरू केलं. ती पलंगाखाली जाऊन बसली ती संध्याकाळी जेवायलासुद्धा आली नाही.

आई परत आली. तिने बर्फीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चहा टाकला.

केस परत आलेच नाहीत असं नाही. पोटावर, पायांवर आले. पाठीवर मात्र तळहाताएवढे दोन चट्टे शेवटपर्यंत विरळच राहिले. तिथली कातडी काळी पडली. स्पिट्झ जातीत पूर्ण केस भादरले तर असं होऊ शकतं, कधी वर्षभर केस येत नाहीत, कधी नीट येतच नाहीत, हे मी पुढे वाचलं.

आणखीही एक गोष्ट कळली. तो केसांचा थर म्हणजे नुसता स्वेटर नव्हे. आमच्या जुन्या वाड्याच्या हातभर जाड भिंती आठवा. थंडीत ऊब आणि मे महिन्यात गारवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. ऊन थेट कातडीला लागू न देणं हे त्या केसांचं काम. अट एकच, भिंतीला खिडक्या उघड्या हव्यात. म्हणजे आतला गळालेला लोकरी थर रोज विंचरून काढायला हवा, तरच वारा खेळतो. बाकी पहाटे फिरवणं, सावली, पंखा, गार फरशी हे लागतंच. आई दुपारी चार वाजता गॅलरीत बसून करत होती ते नेमकं हेच होतं. तिने यातलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं.

मी "उकडत असेल" म्हटलं ती दया नव्हती. आळस होता. दया म्हटलं की ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं, म्हणणाऱ्यालाही. थंड मुलखातलं जनावर आपण हौसेने घरी आणतो, तेव्हा त्याचा बर्फ काही बरोबर आणता येत नाही. तो रोज अर्धा तास, कोणाच्या तरी हाताने, भरून काढावा लागतो. तो हात कोणाचा, हे इतिहासात सहसा लिहिलेलं नसतं.

पुढची दहा वर्षं मीच विंचरलं बर्फीला. त्या चट्ट्यांपाशी आलं की हात आपोआप हलका व्हायचा.

असो. ताई, ही फणी तुझ्या लेकीला हवी आहे का विचार. ती इंदूरची पाहुणी आता कुत्रं पाळायचं म्हणते आहे, तेही लांब केसांचं. तुटलेले दोन दात सोडले तर फणी अजून चांगली आहे. केस मात्र मी काढून ठेवले आहेत. ते मिळणार नाहीत.