मोहल्ला समिती

एखाद्या नागरी वस्तीतील निरनिराळ्या धर्मांचे व थरांचे सामान्य रहिवासी आणि त्या वस्तीची जबाबदारी असलेले पोलीस यांनी ठराविक काळाने एकत्र बसून तेथील तंटे, गुन्हे व नागरी गैरसोयी यांचा विचार करण्यासाठी उभारलेली स्थानिक संघटना. तिला कायद्याने कोणतेही अधिकार मिळालेले नाहीत. तिचा प्रभाव सर्वस्वी परस्परपरिचयावर व सातत्यावर अवलंबून असतो. महाराष्ट्रात तिचा पद्धतशीर प्रयोग प्रथम ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे झाला.

भिवंडी हे यंत्रमागाचे शहर. सुताच्या व कापडाच्या व्यापारात हिंदू आणि यंत्रमागधारक व कामगार यांत मुसलमान मोठ्या संख्येने असल्याने दोन्ही समाजांचा चरितार्थ एकमेकांत गुंतलेला होता. पण बाजारातील हा संबंध राहत्या वस्तीपर्यंत पोहोचत नव्हता. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून तेथे दंगल उसळली आणि तिचे पडसाद जळगाव व महाड येथेही उमटले. या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती माडन आयोगाने पोलीस तपासातील पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. त्या वेळी ठाणे व मुंबईपर्यंत पसरलेल्या हिंसाचारात दोनशेहून अधिक माणसे मरण पावली.

शांतता समित्या त्यापूर्वीही होत्या. परंतु त्यांत प्रामुख्याने पक्षांचे व जमातींचे पुढारी असत, आणि तणाव निर्माण झाला म्हणजेच त्यांना पाचारण केले जाई. ज्यांचे नेतृत्व मुळात तेढीवर पोसलेले, त्यांनाच ती शमविण्यास सांगण्याचा हा प्रकार होता. १९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी हा क्रम उलटविला. त्यांनी शहरात सुमारे ७० मोहल्ला समित्या स्थापन केल्या. प्रत्येक समितीत हिंदू व मुसलमान सभासद सारख्या संख्येने घेण्यात आले आणि कामकाज चालविण्याची जबाबदारी पोलिसांवर सोपविण्यात आली. आठवड्यातून एकदा तासभर बसावयाचे आणि मोहल्ल्यातील शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणे व इतर किरकोळ तक्रारी मिटवावयाच्या, असे तिचे साधे स्वरूप होते. धार्मिक ऐक्यावरील भाषणांना तेथे फारसे स्थान नव्हते, हीच या योजनेची खरी खुबी म्हणावी लागेल. नळाच्या पाण्यावरून वारंवार एकत्र बसलेली माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. त्यामुळे अफवा उठली, तर तिची शहानिशा कोणाकडे करावयाची हे ठाऊक झाले. एरवी केवळ अटक करण्यासाठी मोहल्ल्यात शिरणारा शिपाईही परिचयाचा झाला.

या प्रयोगाची कसोटी ६ डिसेंबर १९९२ नंतर लागली. मुंबईत त्या महिन्यात व जानेवारी १९९३ मध्ये झालेल्या दंगलींत सुमारे ९०० लोक मृत्युमुखी पडले. भिवंडी मात्र दोन्ही वेळा शांत राहिली. खोपडे यांच्यानंतर आलेले पोलीस उपायुक्त गुलाबराव पोळ यांच्या काळात समित्यांचे काम चालू होते, ही गोष्टही महत्त्वाची आहे. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भिवंडीचे उदाहरण घेऊन, समाजांना जोडणारी नागरी संघटना पोलिसांच्या पुढाकारानेही उभी राहू शकते, असे दाखविले.

दंगलींनंतर मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन आयुक्त सतीश साहनी व कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली (१९९४). तीत नागरिकांचा वाटा अधिक होता, आणि रहिवासी व पोलीस यांच्यातील क्रिकेटचे सामने हे तिचे एक लोकप्रिय अंग ठरले. पुढे पुणे व मुंबई येथील झोपडपट्ट्यांत स्थापन झालेल्या पोलीस पंचायतींत ७ स्त्रिया व ३ पुरुष अशी प्रतिनिधींची रचना करण्यात आली. घरगुती मारहाण व दारूचे गुत्ते यांची झळ स्त्रियांनाच अधिक पोहोचत असल्याने ही रचना रास्तच होती.

या पद्धतीची मर्यादा भिवंडीतच उघड झाली. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून संघर्ष पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे ठार झाले व त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. हा संघर्ष हिंदू व मुसलमान यांच्यातील नव्हता. समितीत ज्यांनी शेजारी बसावयाचे, ते रहिवासी व पोलीस हेच त्यात समोरासमोर उभे होते.

ग्रामीण भागासाठी राज्य शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम हाती घेतली. तिच्या समित्या ग्रामसभेतून निवडल्या जातात. त्यामुळे नगरपरिषद असलेली तालुक्याची गावे तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि महानगरांतील स्वयंसेवी संस्थांचे पाठबळही त्यांना क्वचितच लाभते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव येथे १४ मे २०२३ रोजी छत्रपती संभाजी महाराज जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दोन गटांत दगडफेक झाली. भिवंडीची १९७० मधील दंगल अशाच मिरवणुकीतून उसळली होती. अशा गावांतून सणापूर्वी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बोलाविण्याचा प्रघात मात्र अद्याप रूढ आहे.