ग्रंथ ज्याच्या त्याच्या हाती

श्रोतेहो, आपल्या वर्ध्याची एक गोष्ट आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. विनोबांच्या मातोश्रींना गीता समजून घ्यायची होती. पण संस्कृत येईना. मुलाने मराठी श्लोकांतली गीता आणून दिली, तर तीही अवघडच. तेव्हा, तूच का सोपी करून देत नाहीस, असे त्या माउलीने विचारले. १९१८ साली ती गेली. पुढे ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत विनोबांनी वर्ध्याला ‘गीताई’ रचली.

ग्रंथ आपल्या धर्माचा, पण वाचून सांगणार दुसरा! ही अडचण एकट्या हिंदूंची नव्हे. युरोपात कित्येक शतके पवित्र शास्त्र मुख्यतः लॅटिन भाषेत होते. साध्या शेतकऱ्याने ते पाद्र्याच्या तोंडून ऐकायचे आणि मान डोलवायची. १५२२ साली मार्टिन ल्यूथरने नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत आणला, तेव्हा घरोघर प्रश्न विचारले जाऊ लागले. मराठीत बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्याने १८११ साली, आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ साली नवा करार छापला.

पण नुसते पुस्तक छापले म्हणजे ते वाचकाच्या हाती पोचले असे नव्हे. हे ओळखले पंडिता रमाबाईंनी. त्यांना लहानपणी पुराणे मुखोद्गत होती. वेद मात्र स्त्रीने वाचायचे नाहीत, हेच त्या ऐकत आल्या होत्या. कलकत्त्यास केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत त्यांच्या हाती दिली, तेव्हा ते बंधन सुटले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता एक बाई एका धर्मगुरूच्या हातून सुटून दुसऱ्या धर्मगुरूच्या हाती जाणार, असे कुणालाही वाटले असते. पण तसे झाले नाही. ज्या भगिनींच्या मठात त्या राहिल्या, त्यांच्या क्रुसावरील अक्षरे लॅटिन होती. आपल्याला ती संस्कृतात हवीत, असे रमाबाईंनी कळविले. चर्चचे एखादे मत केवळ चर्च सांगते म्हणून मी मानणार नाही. शास्त्र स्वतः वाचीन, पटेल ते घेईन, हा त्यांचा बाणा होता. त्यांच्या गुरुभगिनींना हे फार कडवट वाटले. पत्रांतून खूप वाद झाले. रमाबाई हटल्या नाहीत.

आता पुढचे बघा. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळाने उघड्यावर पडलेल्या मुली, विधवा राहत. तेव्हाच्या मराठी शास्त्रातली संस्कृतप्रचुर वाक्ये त्यांना कळत ना. म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. खिळे जुळवले ते सदनातल्याच बायकांनी. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्वतः वाचायचे म्हणजे मनाला येईल तो अर्थ लावायचा, असे नव्हे. ज्या बाईने स्वतः वाचण्याचा हक्क मागितला, तिनेच त्यासाठी दोन परक्या भाषा शिकण्याचे कष्ट घेतले. हक्क आणि कष्ट, दोन्ही तिने बरोबरच उचलले.

आणि अशा वाचनाने काय होते, हे पुन्हा आपल्या वर्ध्यानेच पाहिले आहे. मगनवाडीत १९३४ नंतर ग्रामोद्योग संघाचे काम उभारणारे जे. सी. कुमारप्पा हे तंजावरचे ख्रिस्ती गृहस्थ. ते पाद्री नव्हते; हिशेबनीस होते! १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी ख्रिस्ती धर्मसेवकांना आवाहन केले की, सरकारी दडपशाहीपुढे गप्प बसणे येशूच्या शिकवणीत बसत नाही. कलकत्त्याचे मुख्य बिशप वेस्टकॉट यांना हे मान्य झाले नाही. कुमारप्पांनी शुभवर्तमानाच्याच आधारे त्यांना जाहीर उत्तर दिले. पुढे १९४२ च्या लढ्यानंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी येशूच्या आचारावर आणि उपदेशावर एक पुस्तक लिहिले. १९४५ साली ते प्रसिद्ध झाले. प्रस्तावना होती गांधीजींची. बिशपाला उत्तर देण्याचे बळ या हिशेबनिसाला दिले कुणी? त्याने स्वतः वाचलेल्या ग्रंथाने.

शिक्षक बंधुभगिनींनो, यात आपले काम मोठे आहे. अक्षर ओळखता येणे ही पहिली पायरी झाली. पण एकच सुटे वचन हाती धरून कुणी गावाला भीती घालू लागला, तर त्याच्या मागचे नि पुढचे वचन वाचून दाखवा, असे म्हणणारा माणूस गावात हवा. मग तो ख्रिस्ती असो, हिंदू असो, बौद्ध असो वा मुसलमान. तुमच्या वर्गातल्या पोराला आज एक अख्खे पान मोठ्याने वाचायला लावा, आणि मग त्यालाच विचारा, यातून तुला काय कळले?